शालीची उलट बाजू

१२ जानेवारी

ताई,

सोमवारी सकाळी मी कात्रीला धार लावून आणली, हात साबणाने दोनदा धुतले, देवापुढे दिवा लावला आणि मावशीची शाल कापायला बसलो. दुपारी जेवायला उठलो तेव्हा शाल होती तशी अखंड होती. तुझी भावजय म्हणाली, "सकाळभर नुसते बघत बसलात?" मी म्हटलं, "बघणं हे निम्मं काम असतं." ती म्हणाली, "मग उरलेलं निम्मं कधी?" यावर मी ताट पुढे ओढलं.

पार्सल मिळून आज दहा दिवस झाले. जुनं रेशीम घडीवर मोडतं, म्हणून ते आधी आठवडाभर पसरून ठेवावं लागतं. आमच्याकडे एवढं मोठं एकच टेबल आहे, त्यामुळे आम्ही दोघं आठ दिवस ओट्यापाशी उभं राहून जेवलो. भावजय कुरकुरली नाही. तिने शालीवर हात फिरवून पाहिला आणि म्हणाली, "अशी आता कोण विणतं?" तिचं खरं आहे. शंभर वर्षांच्या वरची असावी. रंग डाळिंबी, तोही उतरल्यावर आणखी चांगला झालेला. काठाची जर काळवंडली आहे, पण तुटलेली नाही.

तू लिहिलंस की मावशीला आता अजिबात दिसत नाही, दिवसभर तिच्या हाताला काही तरी चाळा लागतो, आणि तिने आपणहून सांगितलं की त्याला माझ्या शालीची बाहुली करायला सांग. तीस वर्षं मी हेच काम करतो. माझ्या बाहुल्या संग्रहालयांच्या कपाटांत बसल्या आहेत, पण मावशीने कधी एक मागितली नव्हती. त्यामुळे मी लाकूड निवडायलाच चार दिवस घेतले.

बाहुली वीतभर उंचीची, बसलेली आहे. दीडशे वर्षांपूर्वीची शिवणारी बाई. लांब बाह्यांचा, कमरेला चुण्या घातलेला घोळदार पोशाख, खांद्यावरून शाल, उजव्या हातात सुई. अंग कोरून झालं आहे, हातपाय खुंट्यांवर फिरतात. चेहऱ्यावर सरस आणि पांढऱ्या मातीचा शेवटचा थर द्यायचा आहे. पोशाखाचं कापड माझ्याकडे आहे. फक्त शाल कापायची राहिली.

आमचे उस्ताद सांगायचे, कापड कापण्याआधी त्याची उलट बाजू वाचायची. सुलट बाजू लोकांना दाखवायला असते. मी ती वाचली. एक विचारतो, कारण तुझ्याशिवाय विचारायला दुसरं कोणी नाही. ही शाल मावशीकडे कुठून आली?

तुझा भाऊ


२० जानेवारी

बाहुलीवाल्या,

कुठून आली म्हणजे? तुला काय पोलिसात नोकरी लागली का? आजीची शाल. तुझ्या मावशीच्या, म्हणजे माझ्या आईच्या लग्नात आजीने तिच्या अंगावर घातली. आईने ती आयुष्यात पाच-सहा वेळा वापरली असेल, एरवी पेटीत. एवढंच मला ठाऊक आहे आणि एवढं पुरेसं आहे.

तू फोन केला होतास म्हणे. करू नकोस. माझे कान आता शोभेचे उरले आहेत. मी "काय, काय" करत ओरडते आणि शेजारी दार वाजवतात. आईला दिसत नाही, मला ऐकू येत नाही. दोघी मिळून एक धड माणूस होतो आणि त्या माणसाचं बरं चाललं आहे.

आईचा पलंग आम्ही खालच्या खोलीत, खिडकीपाशी आणला. वरच्या खोलीत ऊन येत नव्हतं. तिच्या हाताला सारखं काही तरी लागतं. चादरीच्या कडा बोटांनी मोजत जाते. काल माझ्या स्वेटरचं बटण चाचपलं आणि म्हणाली, "हे उद्या पडणार." आज पडलं. डोळे होते तेव्हा एवढं दिसत नव्हतं तिला.

बाहुलीचं रोज विचारते. मी सांगते, तो करतोय, त्याचं काम गोगलगायीसारखं असतं. तरी घाई नाही. तुझ्या सवडीने कर. पण ते उलट-सुलट वाचत बसू नकोस, काप.

ताई


९ फेब्रुवारी

ताई,

उत्तराला उशीर झाला. लिहू की नको, यात दिवस गेले.

शालीच्या एका टोकाला, काठापासून चार बोटं आत, वीतभर फाट आहे आणि ती तिरप्या टाक्यांनी मिटवलेली आहे. सुलट बाजूने चटकन दिसत नाही. उलट बाजूने पाहिलं की लपत नाही. उजव्या हाताने घातलेले तिरपे टाके एका अंगाला झुकतात, डावखुऱ्याचे दुसऱ्या अंगाला. मी रोज दोन्ही बघतो, यात माझी चूक व्हायची नाही. हे टाके डावखुऱ्या हाताचे आहेत. आणि दोरा रेशमाचा नाही. तपकिरी, जाड, सुती. ज्या घरात रेशमी दोरा नाही त्या घरातला. सुरुवातीचे टाके थरथरत्या हाताने घातलेले आहेत, म्हणजे ते आजारपणातले असावेत.

मावशी उजव्या हाताची. आजीसुद्धा, मला आठवतं तसं. तूही.

माझी आई डावखुरी होती. तिचं मला एकच चित्र नीट आठवतं. ती उंबऱ्यावर बसून काही तरी शिवते आहे, मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो आहे, आणि माझ्या डाव्या हाताच्या बाजूने तिची सुई वर येते आणि खाली जाते. मी सात वर्षांचा असताना ती लांबलेल्या आजारपणात गेली. आठव्या वर्षी मावशीने मला तुमच्या घरी आणलं. तेव्हा मी विचारलं होतं, आईचं काही आहे का. मावशी म्हणाली होती, "काही राहिलं नाही रे." ते मी चाळीस वर्षं खरं मानलं.

मी आरोप करत नाही. मावशीने मला वाढवलं, ते मी विसरलेलो नाही. आजीने शाल आधी एकीला दिली असेल, मग ती दुसरीकडे गेली असेल, नंतर परत आली असेल. बहिणींमध्ये असं होतं. पण आईच्या हातचं एवढंच जगात उरलं असेल, तर त्यावर मी कात्री चालवू शकत नाही. आणि ते मला त्या वेळी का सांगितलं नाही, हे मला कळायला हवं. मावशीला एकदा विचार. तोवर बाहुली तशीच ठेवतो. तिचा चेहरा पूर्ण झाला आहे.

तुझा भाऊ


१६ फेब्रुवारी

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा चष्मा लावून आणि एकदा काढून. दोन्ही वेळा तेच लिहिलेलं होतं.

मी आईला हे विचारणार नाही. आठ वर्षांचा पोर घरी आणला तेव्हा तिच्या पदरी मी होते, म्हातारी सासू होती आणि बाबांची नोकरी गेलेली होती. त्या पोराला ती पहिलं वाढायची आणि मला दुसरं. मी त्यावरून भांडलेसुद्धा आहे, विचार स्वतःला. आता त्या पोराला वाटतं की तिने मेलेल्या बहिणीची शाल पेटीत दडवून ठेवली. आणि हे त्याला कोणी सांगितलं, तर दोऱ्याने.

लाकडाशी बोलून बोलून माणसांशी कसं बोलायचं ते तुला कळेनासं झालं. शाल जशी आहे तशी परत पाठव. बाहुली नको.

ताई


१४ मार्च

ताई,

तुझ्या पत्रानंतर मी दोन पत्रं लिहिली आणि दोन्ही फाडली. हे तिसरं आहे. यात काही चांगलं लिहायला जमेल असं नाही, पण पाठवतो.

तू म्हणालीस तशी शाल बांधली. पोस्टात नेली. खिडकीतल्या बाईने विचारलं, "आत काय आहे?" मी म्हटलं, "जुनं कापड." तिने विचारलं, "मौल्यवान आहे का?" त्यावर मी पार्सलाची गाठ चाचपत राहिलो. मागच्या माणसाने खाकरून दाखवलं, तेव्हा पार्सल उचलून घरी आलो. भावजयीने दार उघडलं, पार्सल पाहिलं, आणि काही न विचारता टेबल रिकामं करायला लागली. ओट्यापाशी जेवण्याची सवय झाली म्हणते.

तुला माहीत आहे, मी रोज सकाळी अर्धा तास प्रार्थनेला बसतो. काही मागत नाही. मास्तरांनी शाळेत शिकवलं होतं की देवापुढे बसायचं ते हजेरी लावायला. गेल्या महिन्यात मात्र एकदा मी मागितलं. म्हटलं, मला बरोबर ठरव. मागून झाल्यावर लाज वाटली. माझं बरोबर ठरणं म्हणजे मावशीचं चुकीचं ठरणं, आणि हे मी देवाकडे मागत होतो.

तेवढ्यावरून माझं मत बदललं असं खोटं लिहीत नाही. टाके मला अजून डावखुरेच दिसतात. पण मावशीला विचारू नकोस. मला उत्तर नको. शालीचं काय करायचं ते मला ठरवता येत नाही. परत पाठवली तर बाहुली होत नाही, ठेवली तर चोरी होते, कापली तर आई जाते. बाहुली फळीवर उघड्या अंगाने बसली आहे. हातातल्या सुईत दोरा नाही.

मावशी कशी आहे?

तुझा भाऊ


२४ मार्च

अरे वेड्या,

मी विचारलं नाही. तिनेच विचारलं.

परवा मी तिचे केस विंचरत होते. ती माझ्या हातावर बोटाने लिहिते, मला ऐकू येत नाही म्हणून. एक एक अक्षर. पाटीवर लिहावं तसं. तिने लिहिलं, "त्याने रफू पाहिला का?" माझ्या हातातून कंगवा पडला. मी तिच्या कानाशी जाऊन ओरडले, "कुठला रफू?" मग तिने जे सांगितलं त्यातलं निम्मं हातावर, निम्मं मी ओठांवरून वाचलं. ते सगळं वाचून झाल्यावर मलाही आठवलं. आता शांत बसून ऐक.

तू आमच्याकडे आलास त्याच्या दुसऱ्या वर्षीची गोष्ट. तू नऊचा, मी तेराची. आई बाहेर गेली होती. तू पेटी उघडून शाल काढलीस, अंगावर ओढलीस आणि जेवणाच्या टेबलाखाली राजा होऊन बसलास. मी दरवान होते. टेबलाच्या पायाला खिळा होता. शाल अडकली, तू ओढलीस, टर्रकन आवाज झाला. मी पळाले. राजाने शाल सरपणाच्या खोक्यात दडवली आणि दोन दिवस जेवला नाही. तिसऱ्या दिवशी आईला सापडली.

तिने तुला मारलं नाही. दोऱ्यांचा डबा पुढे ठेवला आणि म्हणाली, "तू फाडलीस, तू शीव." तू डब्यातला सगळ्यात जाड दोरा काढलास, पोती शिवायचा. तिने विचारलं, "हा का?" तर म्हणालास, "परत फाटायला नको." शाळेत तेव्हा मास्तर तुझ्या डाव्या हातावर पट्टी मारायचे, म्हणून तू सुई उजव्या हातात धरलीस आणि तुला जमेना. आई म्हणाली, "इथे मास्तर नाहीत. हवा तो हात वापर." तू संध्याकाळपर्यंत बसलास. सुरुवातीला हात थरथरत होता, कारण दोन दिवसांचा उपाशी होतास. मग तिने तुला मांडीवर घेऊन भरवलं आणि मला जाम राग आला. शेवटचे टाके सरळ आहेत ना? बघ. ते जेवणानंतरचे.

पुढे शिंपी म्हणाला होता, काकू, हे उसवून बारीक रफू करून देतो, कळणार नाही. तिने नको म्हटलं. माझ्या लग्नात ती तीच शाल घेऊन उभी होती, तुझे टाके बाहेरच्या बाजूला.

तू हे विसरलास याचं मला नवल नाही. मार बसला असता तर आठवलं असतं.

आणि मावशी, म्हणजे तुझी आई, डावखुरी नव्हती रे. मी तिच्या हातची वेणी घालून घेतलेली आहे, कंगवा नेहमी उजव्या कानाशी लागायचा. आमच्या अख्ख्या गोतावळ्यात डावखुरा तू एकटा. तिचं खरंच काही राहिलं नव्हतं. आजारपणात सगळं गेलं. आईलाही एखादी वस्तू ठेवता आली असती तर हवीच होती.

आता माझी चूक. मी जानेवारीत लिहिलं, घाई नाही. ते खोटं होतं. पलंग उन्हासाठी खाली आणला नाही. तिला जिना चढवत नाही. डॉक्टर डिसेंबरातच म्हणाले की हृदय थकलं आहे, महिने मोजा. तू कामात घाईघाईने काही बिघडवू नयेस म्हणून मी लिहिलं नाही, असं मी स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे लिहिलं असतं तर ते खरं झालं असतं. मग तुझ्यावर चिडून एक महिना मी वाया घालवला. तो तिचा होता.

आता ती दिवसातला बराच वेळ झोपते. जागी असली की बोटं चालू असतात. ती म्हणते, शालीचं काय वाटेल ते कर, पण तेवढा तुकडा बाहुलीवर हवा. बाकीची शाल तिला नकोच आहे, तिने तेवढ्यासाठी बाहुली मागितली. मी विचारलं, मग आधी का नाही सांगितलं? तर लिहिलं, "त्याला दिसेल."

ताई


२९ मार्च

ताई,

तुझं पत्र काल दुपारी आलं. हे मी गाडीत बसून लिहितो आहे, अक्षर हलतं त्याला इलाज नाही. पोस्टात टाकणार नाही, तुझ्या हातात देईन. तोंडाने सांगायचं तर मला ओरडावं लागेल, आणि या गोष्टी ओरडून सांगण्यासारख्या नाहीत.

पत्र वाचल्यावर मी भावजयीला समोर बसवलं आणि म्हटलं, काही तरी शीव. ती म्हणाली, "काय शिवू?" मी म्हटलं, "काहीही." तिने माझ्या सदऱ्याची बाही घेतली. मी तिच्यासमोर जमिनीवर बसलो. ती उजव्या हाताने शिवत होती आणि सुई माझ्या डाव्या हाताच्या बाजूने वर येत होती. समोर बसलेल्याला तसंच दिसणार. एवढी साधी गोष्ट. मी रोज बाहुल्यांचे हात कोरतो, त्यांचा डावा-उजवा समोरून ओळखतो, आणि आईच्या बाबतीत चाळीस वर्षं माझ्या लक्षात आलं नाही. भावजयीने विचारलं, "झालं का बघून?" मी म्हटलं, "झालं." मग तिने बाही पूर्ण शिवली, कारण ती खरंच उसवली होती.

टाके परत पाहिले. शेवटचे सरळ आहेत. फाट संपते तिथे दोन गाठी आहेत, एकावर एक. मी अजून तशाच मारतो. उस्ताद त्यावरून मला बोलायचे, एक गाठ पुरते म्हणून. त्या दोन गाठी मला आधी दिसायला हव्या होत्या, पण मी आईची गाठ शोधत होतो.

शाळेत नंतर काय झालं ते मला आठवतं. एक दिवस मास्तरांनी मारणं बंद केलं आणि मला डाव्या हाताने लिहू दिलं. मला वाटायचं ते कंटाळले. आता वाटतं, मावशी त्यांना भेटून आली असेल. तिला विचारेन, जागी असली तर.

आज सकाळी दिवा लावला आणि शाल कापली. लांबवलं नाही. खाली कागद घातला, फाटेच्या चारही बाजूंनी दोन बोटं मोजली, आणि कात्री एकदाच घातली. रेशीम जुनं असलं की कापताना आवाज करत नाही, नुसतं सुटतं. मागून पातळ मलमल लावली. बाकीची शाल घडी न घालता नळकांडीवर गुंडाळून बरोबर आणली आहे. ती तुझी.

आमच्या कामात रफू आला तर तो चुणीच्या आत घालायचा असतो. दीडशे वर्षांपूर्वी शाल खांद्यावरून कशी घ्यायची, काठ कुठे यायचा, हे सगळं ठरलेलं आहे, आणि कोणी जाणकार पाहील तर माझी ही बाहुली चुकीची आहे असं म्हणेल. शाल खांद्यावर नाही. बाहुलीच्या मांडीवर आहे, उलट बाजू वर करून, ती शिवत असल्यासारखी. टाके अगदी समोर येतात. हात नेला की आधी तेच लागतील. तिचा उजवा हात मी काल संध्याकाळी खुंटीतून काढला आणि दोन्ही हात नव्याने कोरले. उजवा आता कापड धरतो. सुई डाव्या हातात आहे. दोरा जाड, तपकिरी, सुती. पोती शिवायचा मिळाला.

लाकडावर पॉलिश केलं नाही. मावशीला लाकूड कळावं म्हणून.

पोचायला अजून दोन तास आहेत. बाहुली माझ्या मांडीवर आहे. समोरची बाई मघापासून बघत होती, शेवटी तिने विचारलं, "मुलीसाठी का?" मी म्हटलं, "नाही, आईसाठी." ते आपोआप आलं आणि मी ते दुरुस्त केलं नाही.

मावशी झोपली असली तर उठवू नकोस, मी बसेन. एक गोष्ट आधी लिहून ठेवतो, तू बाहुली पाहिलीस की पहिलं तेच विचारशील. सुईचं टोक मी घासून बोथट केलं आहे. तिच्या बोटाला लागणार नाही.

तुझा भाऊ